टॉम ब्रॅडली : पोलिसाचा महापौर झाला, पण पोलीस दल हाती आले नाही

१/
लॉस एंजेलिसच्या विमानतळावर परदेशातून येणारे असंख्य प्रवासी ज्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलमधून शहरात पाऊल ठेवतात, त्या टर्मिनलला टॉम ब्रॅडली यांचे नाव आहे. हे गृहस्थ त्या शहराचे सलग २० वर्षे महापौर होते. त्याआधी २१ वर्षे ते त्याच शहराच्या पोलीस दलात होते, आणि त्याही आधी महाविद्यालयाचे धावपटू होते. आजचा थ्रेड त्यांच्याविषयी.

२/
ज्याने पोलीस दल आतून पाहिले आहे, ज्याला त्यातील वर्णभेद स्वतः सोसावा लागला आहे, असा माणूस शहराचा प्रमुख झाला तर ते दल सुधारेल, अशी अपेक्षा कोणीही करील. लॉस एंजेलिसच्या मतदारांनीही ती केली होती. तरीही ब्रॅडली महापौर असतानाच, १९९२ मध्ये, पोलिसांच्या मारहाणीवरून ते शहर पेटले. असे का झाले? उत्तराचा मोठा भाग शहराच्या सनदेतील एका जुन्या तरतुदीत आहे. पण तेथे पोहोचण्याआधी माणूस समजून घेऊ.

३/
थॉमस ब्रॅडली यांचा जन्म २९ डिसेंबर १९१७ रोजी टेक्सास राज्यातील कॅल्व्हर्ट या गावाजवळ झाला. त्यांच्या आधीच्या पिढ्यांनी गुलामगिरी भोगली होती. आईवडील दुसऱ्याची जमीन वाट्याने कसत. पीक कितीही आले तरी वर्षाअखेरीस जमीनमालकाचे देणे उरावे, अशी त्या पद्धतीची रचना होती. लहानग्या टॉमनेही कापूस वेचला. १९२४ मध्ये हे कुटुंब कामाच्या शोधात लॉस एंजेलिसला आले. पुढे वडील घर सोडून गेले आणि धुणीभांडी करून आईने मुले वाढवली.

४/
१९३२ मध्ये या शहरात ऑलिम्पिक भरले तेव्हा टॉम १४ वर्षांचा होता. तिकिटाचे पैसे नव्हते. कोलिझियम या भव्य मैदानाच्या कुंपणाबाहेरून त्याने आतील खेळाडू पाहिले, असे ते पुढे सांगत. ५२ वर्षांनी त्याच मैदानावर ते यजमान शहराचे महापौर म्हणून उभे राहणार होते.

५/
पॉलिटेक्निक हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थी मोजकेच होते. टॉमने तेथे फुटबॉल गाजवला, ४४० यार्डांच्या शर्यतीत नाव कमावले आणि विद्यार्थी संघटनेतही पद मिळवले. १९३७ मध्ये क्रीडा शिष्यवृत्तीवर तो कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, म्हणजे ‘यूसीएलए’त दाखल झाला. पुढे अमेरिकी बेसबॉलमधील वर्णभेदाची भिंत पाडणारा जॅकी रॉबिन्सन त्याच काळात याच विद्यापीठात शिकत होता.

६/
४४० यार्ड ही विलक्षण शर्यत आहे. ती वेगाची असते आणि दमाचीही असते. सुरुवातीला सारी शक्ती खर्च करणारा शेवटच्या वळणावर कोसळतो. ब्रॅडली यांच्या राजकारणाविषयी बोलताना त्यांचे समकालीन या संयमाचाच उल्लेख करत. सहा फुटांहून उंच, आवाज न चढवणारे, राग चेहऱ्यावर दिसू न देणारे. या संयमाने त्यांना पुष्कळ काही मिळवून दिले, आणि त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली.

७/
१९४० मध्ये पदवी पूर्ण होण्याआधीच त्यांनी विद्यापीठ सोडले आणि ते पोलीस दलात भरती झाले. महामंदीच्या सावलीत वाढलेल्या गरीब घरातील मुलाला कायम पगाराची सरकारी नोकरी म्हणजे काय, हे आपल्याकडील वाचकांना वेगळे सांगायला नको. पुढच्याच वर्षी एथेल आर्नोल्ड यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

८/
त्या काळच्या लॉस एंजेलिस पोलीस दलात कृष्णवर्णीयांना दोनच वाटा मोकळ्या होत्या : कृष्णवर्णीय वस्तीतील न्यूटन स्ट्रीट विभाग, किंवा शहराच्या मध्यभागातील वाहतूक नियंत्रण. गोऱ्या सहकाऱ्याबरोबर एका गाडीत बसून गस्त घालण्याची त्यांना मुभा नव्हती. हा भेद ब्रॅडली यांची पोलीस कारकीर्द संपली तेव्हाही पूर्ण मिटला नव्हता.

९/
घराबाबतही तोच अनुभव. तेव्हा अनेक वस्त्यांतील खरेदीखतांत कृष्णवर्णीयांना घर विकू नये अशी अट असे. १९४८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करू शकत नाहीत असा निकाल दिला, पण शेजाऱ्यांची मने निकालाने बदलत नाहीत. १९५० च्या सुमारास ब्रॅडली दांपत्याने लायमर्ट पार्क या भागात घर घेतले, ते एका गोऱ्या मध्यस्थाला पुढे करून. शहराचे रक्षण करणाऱ्या पोलिसाला त्याच शहरात स्वतःच्या नावाने घर मागता येत नव्हते.

१०/
दलात त्यांनी अल्पवयीन मुलांच्या प्रकरणांवर काम केले. पुढे पोलीस आणि नागरिक यांच्यात संवाद घडवून आणण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली. वस्तीवस्तीत जाणे, चर्चच्या सभांना बसणे, तक्रारी ऐकणे, स्थानिक वृत्तपत्रांशी बोलणे हे त्यांचे रोजचे काम झाले. लोकसेवेचा त्यांचा पाया येथे घातला गेला. कोणत्या गल्लीत कोण राहतो आणि तो पोलिसांना का घाबरतो, हे त्यांना अहवाल वाचून शिकावे लागले नाही.

११/
दिवसा नोकरी आणि रात्री कायद्याचे शिक्षण, असे करत १९५० च्या दशकात त्यांनी साउथवेस्टर्न या विधी महाविद्यालयाची पदवी घेतली व वकिलीची परीक्षा उत्तीर्ण केली. पोलीस दलात ते लेफ्टनंट झाले. त्या काळी तेथील कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला मिळालेले ते सर्वोच्च पद होते. त्यापुढे मार्ग नाही हे स्पष्ट होते. १९६१ मध्ये त्यांनी गणवेश उतरवला आणि वकिली सुरू केली.

१२/
आता त्या तरतुदीकडे वळू. १९३० च्या दशकात लॉस एंजेलिसचे प्रशासन भ्रष्टाचाराने पोखरलेले होते. जुगार आणि वेश्याव्यवसायाचे अड्डे, राजकारणी व पोलीस यांचे साटेलोटे होते. अखेर १९३८ मध्ये महापौर फ्रँक शॉ यांना मतदारांनी परत बोलावले. याच दशकात शहराच्या सनदेत दुरुस्त्या होऊन पोलीसप्रमुखाच्या पदाला नागरी सेवेचे संरक्षण मिळाले. राजकारण्यांनी मनाला येईल तसा पोलीसप्रमुख बदलू नये, हा त्यामागील हेतू होता.

१३/
हेतू चांगला होता. परिणाम मात्र असा झाला की पोलीसप्रमुखाला कार्यकाळाची मर्यादाच उरली नाही. महापौर पाच सदस्यांचा पोलीस आयोग नेमू शकत असे, पण ठोस कारण सिद्ध केल्याखेरीज प्रमुखाला काढता येत नसे. १९५० मध्ये या पदावर आलेल्या विल्यम पार्कर यांनी लाचखोरीला बराच आळा घातला, दल शिस्तबद्ध आणि तांत्रिकदृष्ट्या सज्ज केले. त्याबरोबरच त्यांनी ते लोकप्रतिनिधींपासून जवळजवळ स्वतंत्र केले.

१४/
१९६३ मध्ये ब्रॅडली दहाव्या प्रभागातून सिटी कौन्सिलवर निवडून आले. हा प्रभाग मिश्र वस्तीचा होता : कृष्णवर्णीय, ज्यू, जपानी वंशाचे आणि इतर गोरे मतदार. कोणत्याही एका समाजाच्या बळावर तेथे जिंकणे शक्य नव्हते. वेगवेगळ्या समाजांना एका कार्यक्रमाभोवती एकत्र आणण्याची जी हातोटी पुढे ‘ब्रॅडली आघाडी’ म्हणून ओळखली गेली, तिचा पहिला प्रयोग या प्रभागात झाला.

१५/
११ ऑगस्ट १९६५. वॉट्स भागाजवळ महामार्ग पोलिसांनी मद्यपानाच्या संशयावरून एका कृष्णवर्णीय तरुणाची गाडी थांबवली. बाचाबाची झाली, जमाव जमला, आणि पुढील सहा दिवस दंगल उसळली. ३४ जणांचा बळी गेला. पोलीसप्रमुख पार्कर यांनी दंगलखोरांची तुलना प्राणिसंग्रहालयातील माकडांशी केली. कौन्सिलमध्ये पार्कर यांना धारेवर धरणाऱ्या मोजक्या आवाजांत ब्रॅडली यांचा आवाज होता. कालचा लेफ्टनंट आज आपल्या माजी वरिष्ठाला जाब विचारत होता.

१६/
१९६९ मध्ये त्यांनी महापौरपदाची निवडणूक लढवली. पहिल्या फेरीत त्यांना सुमारे ४२ टक्के मते मिळाली, तर विद्यमान महापौर सॅम यॉर्टी यांना २६ टक्क्यांच्या आसपास. दुसऱ्या फेरीआधी यॉर्टी यांनी भीतीचे हत्यार उपसले : ब्रॅडली जहालांचे मित्र आहेत, ते आले तर पोलीस राजीनामे देऊन जातील. २१ वर्षे पोलिसाचा गणवेश घातलेल्या माणसाला पोलीसविरोधी ठरवण्यात आले, आणि हा प्रचार यशस्वी झाला. ब्रॅडली हरले.

१७/
चार वर्षांनी तेच दोन उमेदवार पुन्हा समोरासमोर आले. या वेळी ब्रॅडली यांना ५६ टक्के मते मिळाली. शहरात कृष्णवर्णीयांची संख्या तेव्हा १८ टक्क्यांच्या आसपास होती, हे लक्षात घेतले म्हणजे या विजयाचे मोल कळते. १ जुलै १९७३ रोजी माजी सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांनी त्यांना शपथ दिली. शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा ऐतिहासिक निकाल वॉरन यांच्याच न्यायालयाचा.

१८/
ब्रॅडली यांनी शहराच्या आयोगांवर आणि नोकऱ्यांत स्त्रिया, कृष्णवर्णीय, लॅटिनो व आशियाई वंशाच्या लोकांना जागा मिळवून दिल्या. बंदर आणि विमानतळाचा विस्तार झाला, मध्य शहरात गगनचुंबी इमारती उभ्या राहिल्या, रेल्वे वाहतुकीचा पाया घातला गेला. पण याच काळात दक्षिण भागातील व त्याच्या आसपासचे टायर आणि मोटारींचे कारखाने एकामागून एक बंद पडले. गेलेल्या कामगार नोकऱ्यांची जागा उंच इमारतींतील कार्यालयांनी घेतली नाही. बेकारीबरोबर अमली पदार्थ आणि टोळ्या आल्या.

१९/
१९८२ मध्ये ते कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभे राहिले. मतदानोत्तर चाचण्यांनी त्यांना विजयी ठरवले, प्रत्यक्षात ते एका लाखाहून कमी मतांनी हरले. गोरे मतदार चाचणी घेणाऱ्याला एक सांगतात आणि मतपेटीत दुसरेच टाकतात, असा अर्थ काढला गेला आणि राज्यशास्त्रात ‘ब्रॅडली परिणाम’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. टपाली मते आणि त्याच दिवशी झालेले बंदूक नियंत्रणावरील मतदान हीही कारणे अभ्यासक सांगतात. एका पराभवाला क्वचितच एकच कारण असते.

२०/
१९८४ चे ऑलिम्पिक हा त्यांच्या कारकिर्दीचा कळस. म्युनिकमधील हत्याकांड आणि माँट्रियलवरील कर्जाचा डोंगर पाहून जगातील शहरे यजमानपद टाळत होती. करदात्यांवर बोजा नको, असा कौल लॉस एंजेलिसच्या मतदारांनी दिला होता. ब्रॅडली यांनी खासगी समितीच्या जबाबदारीवर स्पर्धा भरवण्याचा आग्रह धरला. २० कोटी डॉलरहून अधिक शिल्लक उरली आणि तिचा मोठा वाटा दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांच्या खेळांसाठी कायमचा राखून ठेवण्यात आला. भारतीयांना ही स्पर्धा आठवते ती पी. टी. उषा यांच्यामुळे. याच कोलिझियममध्ये त्यांचे ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीतील कांस्यपदक सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकले.

२१/
पोलीस दल मात्र महापौरांच्या कक्षेबाहेरच राहिले. १९७८ मध्ये डॅरिल गेट्स पोलीसप्रमुख झाले. तरुणपणी ते पार्कर यांचे वाहनचालक होते आणि त्यांच्याच तालमीत वाढले होते. १९८२ मध्ये गळा आवळण्याच्या पोलिसी पद्धतीमुळे झालेल्या मृत्यूंवर बोलताना, कृष्णवर्णीयांच्या रक्तवाहिन्या ‘सामान्य माणसांप्रमाणे’ उघडत नसाव्यात, असे विधान त्यांनी केले. आयोगाने त्या पद्धतीवर निर्बंध घातले, पण प्रमुख जागेवरच राहिले. एप्रिल १९८८ मध्ये टोळ्यांविरुद्धच्या मोहिमेत एकाच शनिवार-रविवारी हजारांहून अधिक लोकांना अटक झाली. त्यातील बहुतेकांवर पुढे आरोपही ठेवले गेले नाहीत.

२२/
मग ब्रॅडली यांनी काय केले? आयोगावर आपली माणसे नेमली, अंदाजपत्रकात हात आखडता घेतला, पडद्याआड वाटाघाटी केल्या. उघड संघर्ष त्यांनी दीर्घकाळ टाळला. १९६९ चा पराभव ते विसरले नव्हते. पोलिसांशी भांडणारा कृष्णवर्णीय महापौर गोऱ्या मतदारांना चालणार नाही, हे त्यांना पक्के ठाऊक होते. १९८९ मध्ये त्यांनी एका बँकेकडून सल्लागार म्हणून पैसे घेतल्याचे उघड झाले. त्या बँकेत शहराचा पैसा ठेवलेला होता. फौजदारी खटला झाला नाही, पण नैतिक बळ घटले. त्याच वर्षीची निवडणूक त्यांनी निसटत्या बहुमताने जिंकली.

२३/
३ मार्च १९९१ च्या पहाटे पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय वाहनचालकाला बेदम मारले. एका रहिवाशाने बाल्कनीतून त्याचे चित्रीकरण केले आणि ते जगभर दाखवले गेले. आता मात्र ब्रॅडली यांनी संयम बाजूला ठेवला. त्यांनी वॉरन ख्रिस्तोफर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोगाला वाट करून दिली आणि गेट्स यांनी पायउतार व्हावे अशी जाहीर मागणी केली. गेट्स यांनी नकार दिला. पोलीस आयोगाने त्यांना रजेवर पाठवले, तर सिटी कौन्सिलच्या हस्तक्षेपाने ते थोड्याच दिवसांत परतले.

२४/
ख्रिस्तोफर आयोगाचा अहवाल जुलै १९९१ मध्ये आला. अवाजवी बळ वारंवार वापरणारा अधिकाऱ्यांचा एक लहान गट दलाला ठाऊक असूनही त्याच्यावर कारवाई होत नव्हती. गस्तीच्या गाड्यांतील संगणकांवरून पाठवलेल्या संदेशांत उघड वर्णद्वेष होता. मुख्य शिफारशींपैकी एक अशी : पोलीसप्रमुखाचा कार्यकाळ पाच वर्षांचा असावा आणि त्याला जास्तीत जास्त दोनदा नेमता यावे. म्हणजेच १९३० च्या दशकातील ती तरतूद बदलावी. त्यासाठी सनद दुरुस्त करणे आणि मतदारांची संमती घेणे आवश्यक होते.

२५/
२९ एप्रिल १९९२ रोजी ज्युरीने आरोपी पोलिसांना जवळजवळ सर्व आरोपांतून मुक्त केले. काही तासांत दक्षिण लॉस एंजेलिस पेटले. महापौर आणि पोलीसप्रमुख यांच्यात त्याआधी वर्षभराहून अधिक काळ बोलणे नव्हते. दंगल भडकत असताना गेट्स एका श्रीमंत उपनगरातील सभेत होते. ती सभा होती सनदेतील प्रस्तावित दुरुस्तीच्या विरोधात निधी जमवण्यासाठी. ५० हून अधिक माणसे मेली आणि नुकसान एक अब्ज डॉलरच्या घरात गेले.

२६/
२ जून १९९२ रोजी मतदारांनी मोठ्या बहुमताने ती दुरुस्ती मंजूर केली. त्याच महिन्यात गेट्स गेले आणि विली विल्यम्स हे शहराचे पहिले कृष्णवर्णीय पोलीसप्रमुख झाले. ब्रॅडली यांनी १९९३ ची निवडणूक लढवली नाही. १९९६ मध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने त्यांची वाचा गेली. २९ सप्टेंबर १९९८ रोजी, वयाच्या ८० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

२७/
ब्रॅडली यांचे मूल्यमापन करताना दोन टोके टाळावीत. ते वर्णभेदावर मात करणारे निष्कलंक नायक नव्हते, आणि दक्षिण भागाला विसरलेले संधिसाधूही नव्हते. त्यांनी एका व्यवस्थेत २१ वर्षे राबून तिची नाडी ओळखली, पण खुर्चीवर बसल्यावर त्यांना कळले की त्या खुर्चीचा हात पोलीस मुख्यालयापर्यंत पोहोचत नाही. तो पोहोचावा म्हणून उघड लढाई हवी होती. ती देण्यास त्यांनी १८ वर्षे घेतली.

२८/
पोलीसप्रमुखाला राजकारण्यांपासून संरक्षण हवे की त्याच्यावर लोकप्रतिनिधींचा अंकुश हवा, हा प्रश्न आपल्याकडेही जिवंत आहे. प्रकाश सिंह खटल्यात २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या पोलीसप्रमुखांना किमान दोन वर्षांचा कार्यकाळ देण्याचे निर्देश दिले, ते राजकीय हस्तक्षेप रोखण्यासाठी. लॉस एंजेलिसने तेच संरक्षण अमर्याद दिले आणि अर्ध्या शतकानंतर दुसऱ्या टोकाची किंमत मोजली. संरक्षण आणि उत्तरदायित्व यांची सांगड घालताना कार्यकाळाची वरची मर्यादाही तितकीच महत्त्वाची ठरते, हा या इतिहासाचा धडा.

२९/
म्हणून इतिहास वाचताना पदावर कोण बसले याबरोबर त्या पदाला कोणते अधिकार होते, हेही जरूर पाहावे. गुलामांच्या वंशातला मुलगा धावपटू झाला, पोलीस झाला, महापौर झाला, ही कथा स्फूर्तिदायक आहेच. तिचा दुसरा अर्धा भाग मात्र सनदेच्या कलमांत दडलेला आहे, आणि तो वाचल्याखेरीज १९९२ ची आग समजत नाही.

थ्रेड समाप्त. प्रश्न असतील तर खाली अवश्य विचारा.